पुढचं चाक आवरा, सायकल उभी राहील

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. शिरपूरकडच्या एका भाऊंनी विचारलंय. मुलगी आठवीत आहे, शाळा चार किलोमीटरवर. २६ इंची लेडीज सायकल, हँडलला जाळीची बास्केट, डाव्या अंगाला साइड स्टँड. शाळा सुटल्यावर सायकल रोज पटांगणात आडवी सापडते. ब्रेकचा लिव्हर दोनदा मोडला, स्टँड एकदा बदलून झाला. आता दुकानदार म्हणतो, डबल स्टँड टाका. टाकायचा का? शिवाय भाऊंच्या स्वतःच्या गिअरच्या सायकलला स्टँडच आलेला नाही, ती कशी उभी करायची?

मी अमळनेरला सायकली दुरुस्त करतो, ३४ वर्षं झाली. "भाऊ, मनी सायकल उभीच ऱ्हात नही" असं म्हणत येणारं गिऱ्हाईक आठवड्याला एखादं असतंच. आणि प्रत्येकाने दोष कोणाला द्यायचा ते घरूनच ठरवून आणलेलं असतं: स्टँडला. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच धरून चाललो. सायकल पडते म्हटलं की स्टँड बदलायचा आणि पैसे घ्यायचे. पंधरा दिवसांनी तोच माणूस, तीच सायकल, नवाकोरा स्टँड आणि तीच तक्रार. शेवटी एका म्हाताऱ्या गुरुजींनी मला विचारलं, "अरे, तू ती पडताना कधी बघितलीस का?" नव्हती बघितली. कोणीच बघत नाही. सायकल पडते तेव्हा मालक वर्गात असतो नाहीतर बाजारात, आणि मेकॅनिक दुकानात.

तेव्हापासून मी लगेच पाना हातात घेत नाही. दुकानापुढच्या फरशीवर सायकल स्टँडवर लावायला सांगतो, रोजचं जे ओझं असेल ते रोजच्याच जागी ठेवायला सांगतो, आणि चहा मागवतो. दप्तर बास्केटमध्ये असेल तर बहुतेक वेळा चहा संपायच्या आत उत्तर मिळतं. आधी काहीच होत नाही. मग रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, फरशी जरा थरथरते, आणि हँडल डावीकडे बोटभर सरकतं. थांबतं. पुन्हा बोटभर. बास्केट हँडलवरच बसवलेली, म्हणून दप्तरही हँडलबरोबर डावीकडे चाललेलं असतं. जितकं डावीकडे जाईल तितकं ते हँडलला आणखी ओढतं. एका क्षणी हँडल धाडकन पूर्ण वळतं, पुढचं चाक थोडं गडगडतं, सगळी सायकल त्याच्याबरोबर दोन-चार इंच सरकते, स्टँडचा पाय जागेवरून उठतो आणि झालं. स्टँड शाबूत, बोल्ट घट्ट, सायकल आडवी.

पुढचं चाक दोन प्रकारे हलतं. ते वळतं आणि ते गडगडतं. ही दोन्ही आवरली तर साधा स्टँडही चांगला चालतो. ती मोकळी असतील तर कितीही भारी स्टँड लावा, भरवसा नाही.

काही लोक विचारतात, चालती सायकल पडत नाही, मग उभी का पडते? चालती सायकल पडायला लागली की तिचं हँडल आपोआप त्या बाजूला वळतं, आणि चाकं वजनाच्या खाली परत येतात. कॉलेजची पोरं मोकळी सायकल ढकलून सोडतात, ती बरीच लांब एकटी जाते ते त्यामुळे. पण हे सगळं वेग आहे तोवर. थांबल्यावरही हँडल त्याच सवयीने वळतं, फक्त आता सावरायला वेग नसतो. चालताना जो गुण, तोच उभं राहिल्यावर अवगुण.

उभ्या सायकलला पाहिजेत चुलीसारखे तीन दगड. पुढचं चाक टेकतं तो एक, मागचं चाक टेकतं तो दुसरा, स्टँडचा पाय तिसरा. या तीन ठिकाणांना दोरीने जोडलं तर लांबट, चिंचोळा त्रिकोण होतो: लांबी मीटरभराच्या थोडी वर, रुंदी मधोमध जेमतेम वीतभर. सायकल आणि तिच्यावरचं ओझं यांच्या वजनाच्या मध्यातून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडला तर तो या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. पुढच्या टोकाला तर त्रिकोण अगदी निमुळता असतो, आणि आपण दप्तर नेमकं तिथेच, तेही वळणाऱ्या हँडलवर ठेवतो.

म्हणून भाऊ, पहिलं काम फुकटचं आहे. दप्तर बास्केटमधून काढून मागच्या कॅरिअरवर आडवं ठेवायला सांगा, किंवा वर्गात तर ते जातंच, मग बास्केटमध्ये राहतं काय ते बघा. आमच्याकडे मुलींच्या बास्केटमध्ये पाण्याची दोन लिटरची बाटली राहिलेली असते. दोन लिटर म्हणजे दोन किलो, आणि एवढं हँडल फिरवायला पुरतं.

दुसरं कामही जवळजवळ फुकट. पंक्चरवाल्याकडून निकामी ट्यूब घ्या. कात्रीने तिची आडवी चकती कापा, बोटभर रुंदीची. रबराची रिंग तयार होते. सायकल उभी केली की पुढचा ब्रेक दाबायचा आणि ही रिंग ब्रेकचा लिव्हर आणि हँडलची मूठ यांच्यावर मिळून चढवायची. पुढचं चाक जाम. गडगडणं बंद झालं की अर्धी पडझड थांबते. निघताना रिंग काढून मुठीवरच मागे सरकवून ठेवायची, हरवत नाही. २६ इंची ट्यूबमधून अशा पन्नासेक रिंगा सहज निघतात, सगळ्या वर्गाला पुरतील. मोटारसायकलची ट्यूब घेऊ नका, तिचं रबर जाड, मुलींच्या बोटांना ताणत नाही. रिंग उन्हाने चिरते, दोन-तीन महिन्यांनी नवी कापा. आणि पुढच्या ब्रेकची वायर आधी तपासा. वायर तुटायला आलेली असेल तर ती दिवसभर ताणून ठेवणं बरं नाही.

रिंगने चाक जाम होतं, पण वळणं पूर्ण थांबत नाही. त्यासाठी पट्टा. दप्तराचा जुना पट्टा किंवा ट्यूबचीच लांब पट्टी पुढच्या चाकाच्या रिममधून काढून फ्रेमच्या खालच्या नळीला बांधायची. मग चाक वळतही नाही आणि फिरतही नाही. नेदरलँड्स आणि जपानमध्ये पुढे बास्केट किंवा मुलाचं सीट असलेल्या कितीतरी सायकलींना पुढचं चाक धरणारा चिमटा आणि खालची नळी यांच्यामध्ये एक स्प्रिंगच असते, ती हँडलला सतत सरळ ओढून धरते. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. मी दोन-चार जणांना बसवून दिली, पण चालवताना हँडल जरा जड लागतं म्हणून त्यातल्या एकाने काढून टाकली. पट्टा बरा. फक्त तो सोडायला विसरून पॅडल मारू नये, म्हणून भडक रंगाचा घ्या.

आणखी एक. हँडल वळवून ठेवायचंच असेल तर स्टँडच्या बाजूला, म्हणजे डावीकडे थोडंसं. उजवीकडे नको. चाक डावीकडे वळलं की त्याचा जमिनीवरचा टेकू किंचित उजवीकडे सरकतो, म्हणजे आपला त्रिकोण थोडा रुंद होतो. उजवीकडे वळवलं तर उलटं, तो आणखी चिंचोळा. फरक एखाद्या बोटाचा असतो, पण जिथे सगळी रुंदीच वीतभर तिथे बोटही मोठं.

आता स्टँडकडे येऊ. तो निर्दोष असतो असं मी म्हणत नाही. साइड स्टँडचा सगळा खेळ लांबीचा आहे. लांब झाला तर सायकल जवळजवळ सरळ उभी राहते, दिसायला झकास, आणि उजवीकडून कोणाचा नुसता पदर लागून ओढला गेला तरी त्या बाजूला कलंडते. आखूड झाला तर सायकल फार झुकते, सगळा भार स्टँडवर येतो, तो वाकतो नाहीतर जमिनीत रुततो. मला १० अंशांच्या आसपासचा कल बरा वाटतो. पण अंश मोजायला कोणाकडे काय आहे? मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. सपाट फरशीवर सायकल स्टँडवर लावायची. दोन्ही टायर जिथे टेकतात त्या दोन ठिकाणांमध्ये खडूने सरळ रेघ मारायची. सीटच्या मधोमध दोरी धरून ओळंबा खाली सोडायचा. तो रेघेपासून डावीकडे साधारण आठ बोटांवर, म्हणजे १५ सेंमीच्या आसपास पडला तर स्टँड बरोबर. चार बोटांच्या आत पडला तर स्टँड लांब आहे. वीतभर किंवा त्याच्याही बाहेर गेला तर आखूड. दहा मिनिटांचं काम आहे, आणि लोक जत्रेतला खेळ बघावा तसे गोळा होतात.

लांब असेल आणि स्क्रूवर कमी-जास्त होणारा असेल तर प्रश्नच नाही. साधा अखंड लोखंडी असेल तर करवतीने कापतात, पण एका वेळी पाव इंचाच्या वर नको. कापायचं, लावायचं, ओळंबा सोडायचा, मग पुढचं. दुकानात घाईत इंचभर उडवलेला स्टँड मीही एका गिऱ्हाइकाला भरून दिलाय. आखूड असेल तर टोकाला जाड रबरी बूट चढतो, नाहीतर बदलायचाच. भाऊंच्या मुलीचा स्टँड एकदा बदललाय म्हणता, तर हे आधी बघा. २४ इंची सायकलचा स्टँड २६ इंचीला बसतो, बोल्टही तोच लागतो, पण आखूड पडतो. गर्दीच्या वेळी पोऱ्या हाताला लागेल तो काढून बसवतो.

हवा हाही लांबीचाच भाग आहे. मागचं चाक पंक्चर झालं की सायकल तीनेक सेंमी खाली बसते, आणि बरोबर असलेला स्टँड एकदम लांब ठरतो. म्हणून नेहमी डावीकडे पडणारी सायकल एखाद्या दिवशी उजवीकडे पडलेली सापडली तर आधी मागचा टायर दाबून बघा.

बोल्टचं तेवढं सांगून पुढे जातो. साइड स्टँडची प्लेट मागच्या दोन नळ्यांमध्ये एका बोल्टवर धरलेली असते. नवा बसवल्यावर आठवड्याने एकदा परत आवळायचा, कारण रंग दबतो आणि बोल्ट ढिला होतो. स्प्रिंग वायसर टाकलाच पाहिजे. पण आवळायचा म्हणजे दीड फुटाचा पाइप पान्याला लावून नाही. नळ्या चेपतात, आणि चेपलेली नळी परत गोल होत नाही.

डबल स्टँड. आमच्याकडे जुनी माणसं घोडी म्हणतात. (सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली नव्हे, तिची किंमत वेगळी.) हा मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या आसावर बसतो, मागचं चाक उचलून धरतो, आणि दोन पाय पसरून उभा राहतो. इथे चुलीचे दगड म्हणजे दोन पाय आणि पुढचं चाक, त्यामुळे मागच्या बाजूला त्रिकोण चांगला रुंद. सायकल सरळ उभी राहते, वाऱ्याला दाद देत नाही. दुधाच्या कॅन लावणाऱ्या माणसाला मी दुसरं काही सुचवतच नाही. दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरच्या कॅन लटकवल्या की साइड स्टँड म्हणजे टाचणीवर हंडा. पण घोडीवरही कॅन उतरवायचा क्रम असतो. एका बाजूची पूर्ण रिकामी करून मग दुसरी, असं करणारा एक गडी माझ्या डोळ्यांदेखत उरलेलं सगळं दूध रस्त्यावर ओतून बसला. डावीकडची अर्धी, उजवीकडची अर्धी, असं चालवावं.

घोडीच्या तक्रारी तीन. एक, ती ॲक्सलच्या नटावर बसते म्हणून तो नट ढिला झाला की स्टँडही हलतो आणि चाकही तिरकं होतं, चेन सैल पडते. दुसरी, स्प्रिंग जाते किंवा वर अडकवायचा क्लिप झिजतो, मग घोडी रस्त्याने खडखड वाजते आणि खड्ड्यात खाली येते. धावत्या सायकलला खाली आलेली घोडी वाईट पाडते, तेव्हा वाजायला लागली की त्याच आठवड्यात दाखवा. तिसरी, एक पाय वाकलेला असतो. सपाट फरशीवर लावून मागून बघा, मागचं चाक उभ्या रेषेत दिसत नसेल तर पाय वाकलाय. तो काढून, शेगडीवर गरम न करता, व्हाइसमध्ये धरून सरळ होतो.

आठवीतल्या मुलीला घोडी लावता येईल का ही भाऊंची शंका असणार, सगळ्या वडिलांना असते. ताकदीने ओढायला गेली तर नाही येणार. डावा हात हँडलवर, उजवा हात सीटखाली किंवा कॅरिअरवर. उजव्या पायाने स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि त्या पायावर अंगाचं वजन द्यायचं. उचलतं ते वजन, हात फक्त मागे वाट दाखवतात. माझ्या दुकानात पाचवीतली पोरं हे करतात. मात्र चाक अधांतरी झालं की लहान भावंडं पॅडल गरगर फिरवतात आणि चेनमध्ये नाहीतर तारांमध्ये बोटं घालतात. बोट चेचलेली दोन पोरं मी स्वतः दवाखान्यात नेली आहेत. घरी लहान मूल असेल तर चेनकव्हर शाबूत ठेवा. आणि कोणत्याही स्टँडवर मुलाला सीटवर बसवून बाजूला जाऊ नका. स्टँड सायकलचं वजन धरायला असतो, माणसाचं नाही.

जमीन हा विषय खानदेशात वेगळा काढून बोलावा लागतो. हिशेब बघा. साधी सायकल २० किलोच्या आसपास. १० अंश झुकली की स्टँडच्या टोकावर सात-आठ किलो येतात. स्टँडचं टोक बोटाच्या पेराएवढं, धरा दोन चौरस सेंमी. म्हणजे प्रत्येक चौरस सेंमीवर चार किलो. काळी माती भिजलेली असली तर हे टोक सुरीसारखं आत जातं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि टोक नेमकं भेगेत उतरतं. डांबरावर लावाल तर मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबर मऊ पडतं, आणि दुपारी उभी केलेली सायकल चारला झोपलेली. स्टँडच्या टोकाखाली सहा बाय सहा सेंमीची पट्टी आली तर तोच भार ३६ चौरस सेंमीवर पसरतो, एका चौरस सेंमीवर पाव किलोही येत नाही. वेल्डिंगवाला टोकाला लोखंडी चकती पाच मिनिटांत चिकटवतो. ती मोठी करू नका, वळणावर जमिनीला घासेल. वेल्डिंग नको असेल तर फरशीचा तुकडा, डब्याचं झाकण, काहीही चालतं. माझ्या ओळखीचे एक वायरमन कॅरिअरला दोरीने एक लाकडी ठोकळा बांधून फिरतात. लावायच्या जागी टाकला, स्टँड त्यावर ठेवला, जाताना दोरी ओढली की ठोकळा वर.

वाळूत मात्र ठोकळाही हरतो. वैशाखात आमच्याकडे बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. मी पोरगा होतो तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसं सायकलींवर यायची आणि सायकली वाळूतच लागायच्या. स्टँड रुततात म्हणून तिथल्या सायकल राखणाऱ्याने स्टँड लावूच द्यायचा नाही असा नियम केला होता. दोन दोन खुंट रोवून त्यांच्यावर कमरेइतक्या उंचीला आडवे वेळू बांधलेले. सायकल मागे घ्यायची, सीटचं टोक त्या वेळूवर अडकवायचं. मागचं चाक वाळूपासून वर, पुढचं टेकलेलं. एकीकडून एक, दुसरीकडून दुसरी, अशा आलटून-पालटून. शेकडो सायकली, एक पडत नसे. पुढे बऱ्याच वर्षांनी मी टीव्हीवर पोहणे, सायकल, धावणे अशा तिहेरी शर्यती बघितल्या, तिथे त्या महागड्या सायकली आडव्या पाइपवर सीटनेच टांगलेल्या होत्या. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

भाऊंच्या गिअरच्या सायकलला हाच उपाय मी पहिला सांगेन. घराच्या ओसरीत किंवा शेतातल्या शेडमध्ये, सीटच्या टोकापेक्षा थोड्या वर आडवा पाइप बसवा आणि सीट अडकवा. तिला स्टँड का नसतो? वजन वाचवायला, आणि खडबडीत रस्त्यावर तो लोंबकळू नये म्हणून. बसवताच येत नाही असं नाही. मागच्या नळीवर दोन भोकांची जागा आहे का बघा. काही सायकलींत भोकांमधलं अंतर १८ मिमी असतं, काहींत ४० मिमी. जागा असेल तर त्या मापाचाच स्टँड घ्या. नसेल तर नळ्यांना आवळून बसणारा मिळतो, पण ॲल्युमिनियमची नळी पातळ असते, खाली रबर घाला आणि बेताने आवळा. कार्बनच्या फ्रेमला कधीच आवळू नका. डिस्क ब्रेक असेल तर ॲक्सलवर बसणारा स्टँड डिस्कला घासतो का ते चाक फिरवून बघूनच पैसे द्या. ब्रेकची नळी किंवा गिअरची वायर प्लेटखाली चिरडलेली मी कितीदा सोडवली आहे.

वाटेत थांबलात तर भिंत आहेच. पण भिंतीला हँडल टेकवणं ही चूक. हँडल वळतं, हा सगळा आपला रडगाण्याचा विषय. टेकवायची ती सीट आणि मागचं चाक, चाक जमिनीला टेकतं ती जागा भिंतीपासून जेमतेम वीतभर, पुढच्या ब्रेकला ट्यूबची रिंग. डावी बाजू भिंतीकडे, गिअर बाहेर. भिंत नसेल आणि ओटा किंवा पायरी असेल तर डावं पॅडल मागे-खाली आणून पायरीच्या कडेवर टेकवायचं, सायकल त्या बाजूला किंचित झुकवायची, रिंग लावायची. चहा पिऊन होईपर्यंत उभी राहते, मुक्कामाला नाही. काहीच नसेल तर सरळ डाव्या कुशीवर निजवा. यात कमीपणा नाही. उजव्या कुशीवर पडली की गिअर जिथे लटकतो तो हँगर वाकतो, आणि मग गिअर अडकायला लागतो. उलटी करून सीट-हँडलवर उभी करणं पंक्चर काढायला ठीक, थांबायला नको.

चढ-उताराचा एक नियम दोन्ही स्टँडना लागू आहे: तोंड चढाकडे. दोन्ही स्टँड खाली आल्यावर पाय थोडा पुढे जाऊन अडतो. सायकल मागे रेलली तर तो आणखी घट्ट अडतो. पुढे सरकली तर तोच पाय मागे दुमडून घडी होतो. उताराकडे तोंड करून लावलेली सायकल म्हणजे कधीतरी घडी पडणारच.

वाऱ्याचंही असंच. रावेर-यावलकडे मे-जूनमध्ये वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे सायकलची काय कथा. स्टँड डावीकडे असतो, म्हणून वारा उजवीकडून आला तर तो सायकलला स्टँडवरच दाबतो, डावीकडून आला तर उलथवतो. आपल्याकडे त्या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेकडचा. उजवा अंग पश्चिमेला म्हणजे सायकलचं तोंड दक्षिणेला. घरात दक्षिणेला तोंड म्हणून कोणी कुरकुरलं तर सांगा, सायकलला यमाचं भय नाही.

आता शाळेचं. पटांगणात सायकली रांगेने दाटीवाटीने लावतात आणि टोकाची एक पडली की पत्त्यांसारखी सगळी रांग झोपते. भाऊंच्या मुलीची सायकल रोज पडते ती कदाचित शेजारणीमुळे. आठवडाभर रांगेच्या टोकाला, आणि दोघींमध्ये हातभर जागा ठेवून लावून बघू द्या. काही शाळांत सिमेंटच्या खाचा असतात, त्यांत पुढचं चाक घालायचं. मला त्या आवडत नाहीत. सगळी सायकल एका चाकावर धरली जाते, बाजूने धक्का बसला की रिम वाकते, आणि चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा काढायला पोरं माझ्याकडे येतात. शाळेला काही करायचंच असेल तर वाकवलेला पाइप, उलट्या यू आकाराचा, जमिनीपासून ७५ सेंमी उंच, लांबी तेवढीच किंवा थोडी जास्त, दोन पाइपांमध्ये एक मीटर अंतर. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या नावाने तो ओळखला जातो. एका पाइपला दोन्हीकडून दोन सायकली टेकतात, चाक नाही तर फ्रेम टेकते, आणि कुलूपही फ्रेमलाच लागतं. पाइपाला पैसे नसतील तर यात्रेतला वेळू आहेच.

तर भाऊ, डबल स्टँड टाकायचा का? मुलीच्या सायकलला मागे साधा नटाचा ॲक्सल असणार, तेव्हा बसेल, आणि पटांगण मातीचं असेल तर टाकाच, दोन्ही पायांखाली आडवी पट्टी असलेला बघून. पण पैसे द्यायच्या आधी एक आठवडा बास्केट रिकामी ठेवून आणि ब्रेकला रिंग लावून बघा. त्याने भागलं तर आहे तो स्टँड फक्त मापात आणा. ओळंबा गवंड्याकडे मिळेल. त्याने दिला नाही तर दोऱ्याला ॲक्सलचा जुना नट बांधलात तरी चालेल, मी सुरुवातीला तोच वापरायचो.